कॅमेऱ्याच्या जाहिरातीत सेन्सरचे मापही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीला आणि सुट्टीच्या हंगामात वृत्तपत्रांतून छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या जाहिराती येतात. पुरवण्यांत ‘कोणता कॅमेरा घ्यावा’ असे लेखही येतात. त्यांत ठळक छापलेला आकडा बहुधा एकच असतो, मेगापिक्सेलचा (एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले दहा लाख ठिपके). ग्राहक दुकानात तोच विचारतो आणि विक्रेताही तोच सांगतो. फोटो कसा येणार हे मुख्यतः ज्यांवर ठरते ते सेन्सरचे (प्रकाश टिपणाऱ्या चकतीचे) माप आणि झूमच्या दोन्ही टोकांचे अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे भोक) मात्र बारीक अक्षरांतही सापडत नाही. हे आकडे जाहिरातदारांकडून मागून घ्यावेत आणि निदान आपल्या लेखांत तरी किमतीच्या शेजारी छापावेत, ही विनंती.

मेगापिक्सेल किती लागतात याचा हिशेब कागदावर करता येतो. अल्बमसाठी ६ × ४ इंची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर १८०० × १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम २.२ मेगापिक्सेल. ए-४ आकाराला सुमारे ८.७ लागतात. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा ८.३ मेगापिक्सेलमध्ये भरतो. कडा कापून मधला भाग मोठा करायची सोय धरली तरी घरच्या आणि प्रवासाच्या कामाला १२ ते २० भरपूर झाले. इवल्याशा सेन्सरवर त्याहून जास्त पिक्सेल कोंबले तर फाइल जड होते, तपशील तेवढा वाढत नाही. त्या लेन्सची बारकावा टिपण्याची ताकद त्याआधीच संपलेली असते.

आता सेन्सर. स्वस्त कॉम्पॅक्टमधला (छोट्या कॅमेऱ्यातला) १/२.३ इंची सेन्सर प्रत्यक्षात ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर. ‘१ इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा. यातला इंच कुठल्याच बाजूचा नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ही नावे पडली आणि तशीच राहिली, म्हणून माप मिलिमीटरमध्येच मागावे. रिको जीआर किंवा फुजीच्या एक्स १०० मालिकेतला एपीएस-सी नावाचा सेन्सर २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो. महागड्या फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यात आज सर्रास १/१.३ इंची, म्हणजे सुमारे ९.८ × ७.३ मिलिमीटरचा सेन्सर असतो. असा फोन खिशात असताना १/२.३ इंची कॉम्पॅक्ट घेणारा फोनच्या निम्म्याहूनही लहान सेन्सर विकत घेत असतो. संध्याकाळच्या फोटोत तो फोनपेक्षा मागे पडला तर दोष वापरणाऱ्याचा नाही.

अशा कॅमेऱ्याला एका कामासाठी जरूर जागा आहे, ते म्हणजे खरा ऑप्टिकल, लेन्स सरकून मिळणारा झूम. कॅनन एसएक्स ७४० मध्ये २४ ते ९६० आणि पॅनासॉनिक टीझेड ९९ मध्ये २४ ते ७२० मिलिमीटरइतका पल्ला आहे (हे आकडे ३५ मिलिमीटर फिल्मच्या तुलनेतले; आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते). हिवाळ्यात भिगवणला होडीतून रोहित टिपायचे तर लख्ख उन्हात हे कॅमेरे चांगले काम देतात. ऊन उतरले की मात्र अडचण होते, कारण शेवटच्या टोकाला त्यांचे अ‍ॅपर्चर अनुक्रमे एफ ६.९ आणि एफ ६.४ पर्यंत आकसलेले असते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके भोक लहान). शटर मंदावते आणि पक्ष्याची मान हलली की फोटो फसतो. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्याची हालचाल नाही.

अजिंठ्याच्या लेण्यांत हे फार जाणवते. तिथे फ्लॅशला मनाई आहे आणि तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणजे सगळी भिस्त लेन्सवर. समजा, एफ २.८ ला १/३० सेकंदात फोटो नीट येतो. लेन्स एफ ५.६ पर्यंत आकसली तर प्रकाश चौथाईवर येतो आणि त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) १/८ सेकंद लागतो, तो हातात धरून साधणे कठीण. म्हणून लेण्यात झूम करू नये. लेन्स पूर्ण मागे, सर्वांत रुंद टोकाला ठेवावी आणि भित्तिचित्राच्या शक्य तितके जवळ उभे राहावे. खरेदीच्या वेळी लेन्सच्या कडेवर छापलेले ‘१.८–२.८’ किंवा ‘३.३–६.९’ असे आकडे आधी वाचावेत. त्यातला पहिला आकडा रुंद टोकाचा, दुसरा झूमच्या टोकाचा; झूम वापरायचा असेल तर महत्त्वाचा दुसराच.

‘अपग्रेड’ या शब्दापाशी थोडे जास्त थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेचे उदाहरण घ्या. २०१४ चे तिसरे, २०१५ चे चौथे आणि २०१६ चे पाचवे मॉडेल २४–७० मिलिमीटरच्या, एफ १.८–२.८ लेन्सचे. २०१८ चे सहावे आणि २०१९ चे सातवे मॉडेल २४–२०० मिलिमीटरचे, पण एफ २.८–४.५ चे. नवे ते चांगले असे समजून तिसरे देऊन सातवे घेणाऱ्याला झूम तिप्पट मिळतो, फोकस कितीतरी चपळ होतो, माइक जोडायची सोय मिळते. त्याच वेळी रुंद टोकाला मिळणारा प्रकाश ४१ टक्क्यांवर येतो आणि धबधब्याचे पाणी रेशमासारखे दाखवायला उपयोगी पडणारा, प्रकाश कमी करणारा अंगचा एनडी फिल्टरही जातो. मोकळ्यावर हिंडणाऱ्याला हा सौदा परवडेल. देवळे, घरगुती समारंभ, रात्रीचे बाजार टिपणाऱ्याला परवडणार नाही. तिसऱ्यावरून पाचव्यावर जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की सेन्सरचे माप आणि २० मेगापिक्सेल तेच राहतात, स्थिर फोटोच्या दर्जात फरक थोडा पडतो. पैसे मोजायचे ते फोकसच्या वेगासाठी, म्हणजे घरात धावणारे मूल असेल तर.

उलट १/२.३ वरून १ इंचीवर जाणे हे खरे अपग्रेड. क्षेत्रफळ चौपट होते, त्यामुळे लहान सेन्सरवर आयएसओ ४०० ला जेवढे दाणे दिसतात तेवढे मोठ्यावर साधारण १६०० ला दिसतात. कॅननचा २०१९ चा जी७ एक्स मार्क ३ (२४–१०० मिलिमीटर, एफ १.८–२.८) हा या वर्गातला माझ्या मते सर्वांत समतोल प्रवासी कॅमेरा; त्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही, एवढे खटकते. ज्यांना झूम नकोच आणि रस्त्यावरचे जगणे टिपायचे आहे, त्यांनी २८ मिलिमीटरचा रिको जीआर ३ हाताळून पाहावा. २५७ ग्रॅमचा तो कॅमेरा खरोखर सदऱ्याच्या खिशात मावतो, पण त्यात फ्लॅश नाही. फुजी एक्स १०० सहावा सुंदर आहे, पण ५२१ ग्रॅमचा आहे, गळ्यातच घालावा लागतो.

कॅमेरा बदलण्याआधी तीन गोष्टी बदलून पाहाव्यात. पहिली बॅटरी: आरएक्स १०० च्या सातव्या मॉडेलला प्रमाणित चाचणीत एका चार्जवर सुमारे २६० फोटो मिळतात, जी७ एक्स मार्क ३ ला २३५. पूर्ण दिवसाच्या भटकंतीला दोन जादा बॅटऱ्या हव्यातच. पहिल्यापासून सातव्यापर्यंत सर्व आरएक्स १०० ला एकच एनपी-बीएक्स १ बॅटरी चालते, त्यामुळे जुन्या वाया जात नाहीत. फुगलेली बॅटरी मात्र लगेच बाद करावी, ती खोबणीत अडकून बसते. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्यात. दुसरे कार्ड: फोर-के चित्रण १०० मेगाबिट वेगाने, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइटने होते. त्याला यू ३ किंवा व्ही ३० खुणेचे कार्ड पुरते, त्याहून महागडे घेऊन फायदा नाही. नवे कार्ड प्रवासाआधी एकदा काठोकाठ भरून सगळ्या फाइली उघडून पाहाव्यात. बनावट कार्ड तिथेच उघडे पडते. तिसरी सेटिंग: डिजिटल झूम (चित्राचा मधला भाग नुसता फुगवणारा) बंद, १ इंची सेन्सरवर ऑटो आयएसओची कमाल ३२००, माणसांसाठी शटरचा वेग किमान १/१२५ सेकंद आणि उजेडात अ‍ॅपर्चर एफ ४ ते ५.६. एफ ८ च्या पुढे गेल्यास विवर्तनामुळे (लहान भोकातून प्रकाश पसरल्यामुळे) तीक्ष्णता उलट घटते.

ऑनलाइन बाजारात ‘४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ असे मिरवणारे अनोळखी नावांचे कॅमेरे काही हजारांत मिळतात. त्यातल्या बहुतेकांत लेन्स एकाच जागी पक्की असते, झूम फक्त डिजिटल असतो आणि पिक्सेलचा आकडा लहान चित्र फुगवून आणलेला असतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. जाहिरातीत सेन्सरचे मिलिमीटर सक्तीचे केले तर ही फसवणूक पहिल्याच ओळीत दिसेल.

सध्या महाविद्यालयीन मुले पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कॉम्पॅक्ट शोधून घेतात. हौस चांगली आहे, पण आधी कार्डाची चौकशी करावी. २ जीबीहून मोठ्या एसडी कार्डांचे एसडीएचसी हे मानक २००६ मध्ये आले. त्याआधीचे कॅमेरे सहसा २ जीबीपर्यंतचेच साधे एसडी कार्ड ओळखतात. काही जुन्या कॅमेऱ्यांत लागणारे एक्सडी कार्ड तर २ जीबीच्या वर कधी निघालेच नाही.

जुना कॅमेरा घेताना तपासणीला आपलेच वृत्तपत्र कामी येते. उघडलेले पान भिंतीवर सपाट चिकटवावे, कॅमेरा अगदी समोर धरून झूमच्या दोन्ही टोकांना एकेक फोटो काढावा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून पाहावीत. एकच कोपरा पुसट आला तर लेन्स पडून वाकडी झालेली असते. लेन्स दहा वेळा आत-बाहेर करावी. करकर ऐकू आली तर आत वाळू आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावरून आलेल्या कॅमेऱ्याचा शेवट बहुधा तिथेच होतो. मोकळ्या आकाशाचा फोटो सर्वांत लहान अ‍ॅपर्चरला काढावा. राखाडी ठिपके दिसले तर धूळ सेन्सरवर पोचली आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे घरी सफाई होत नाही, पूर्ण खोलावा लागतो. शेवटी लेन्समधून विजेरीचा झोत टाकून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी.

कोकणात बुरशी हाच कॅमेऱ्याचा मोठा शत्रू. चामड्याच्या पाऊचमध्ये चार महिने कपाटात ठेवलेला कॅमेरा दसऱ्याला बाहेर काढला की काचेवर तंतू दिसतात. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढ्याने काम भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. निळे जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून सुकवावे आणि पुन्हा वापरावे. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर कॅमेरा वीस-तीस मिनिटे पिशवीतच बंद राहू द्यावा, नाहीतर लेन्सवर दव धरते आणि बुरशीला तेच हवे असते.

आपला विश्वासू,
एक वाचक, चिपळूण