तुमच्या बॅगेत तुमचंच माप मावत नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

विषय: कॅमेऱ्याच्या शोल्डर बॅगेची चुकीची मापं, तुटलेला हूक आणि नाकारलेला परतावा

महोदय/महोदया,

याआधी तुमच्या मदत केंद्राला मी चार ई-मेल पाठवले. चारही वेळा उत्तर देणारी व्यक्ती वेगळी होती आणि चारही वेळा मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. म्हणून आता एकदाच, नीट, मापांसकट लिहिते आहे.

मी कार्यक्रमांचं छायाचित्रण करते. दिवसातले सहा-सात तास उभ्याने काम असतं, आणि लेन्स बदलायला खाली बसायची सोय नसते. म्हणून पाठीवरची सॅक मला चालत नाही. ती उतरवा, जमिनीवर ठेवा, उघडा, तोवर समोरचा क्षण निघून जातो. शोल्डर बॅग कमरेपाशी सरकवली की एका हाताने उघडता येते. एका खांद्यावर सगळं ओझं येतं हे मान्य, पण ती किंमत मी समजून-उमजून मोजते. त्यामुळेच बॅग निवडताना मी रंग-रूप बघत नाही, आतली मापं बघते.

तुमच्या पानावर आतलं माप ३२ × १६ × २३ सेंटिमीटर असं दिलं आहे. लांबी, रुंदी, खोली. मी काय केलं ते सांगते, म्हणजे ही तक्रार घाईत बॅग घेऊन मागाहून हळहळणाऱ्या माणसाची नाही हे तुमच्या लक्षात येईल. घरातला एक जुना पुठ्ठ्याचा खोका कापून मी बरोबर त्या मापाचा केला. एक-एक सेंटिमीटर जाडीच्या दोन पुठ्ठ्याच्या भिंती आत उभ्या केल्या, कारण बॅगेतले कप्पे पाडणारे गादीदार पडदेही जागा खातात. आणि मग त्यात माझं सामान मांडलं.

सामान फार नाही. कॅनन ५डी मार्क ४, त्यावर बसवलेली २४-७० एफ/२.८ लेन्स. ही जोडी लेन्स खाली आणि कॅमेरा वर अशी उभी ठेवायची. कॅमेऱ्याची रुंदी १५ सेंटिमीटर, ती बॅगेच्या १६ सेंटिमीटर रुंदीत आडवी बसते, आणि मग लांबीतली फक्त १२ सेंटिमीटर जागा जाते. शेजारी दुसरी, लांब लेन्स, ईएफ ७०-२०० एफ/२.८, उभी, तिला साधारण १०. उरलेल्या ८ सेंटिमीटरमध्ये फ्लॅश आणि त्याच्या बाजूला ५० मिलिमीटरची छोटी लेन्स. बारा, दहा, आठ आणि दोन पडद्यांचे दोन, झाले बत्तीस. खोक्यात सगळं चपखल बसलं, वरून पुठ्ठ्याचं झाकणही टेकलं. त्या रात्री मी बॅग मागवली.

बॅग आली, आणि माझं सामान तिच्यात मावेना. मला वाटलं माझंच काही चुकतंय. पडदे काढले, पुन्हा लावले. शेवटी टेप घेतली. लांबी भरली ३०. रुंदी साडेचौदा. खोली साडेवीस. मग तळाची सुटी गादी बाहेर काढून मोजलं, झाकणाच्या आतला फोम बोटाने दाबून धरला, बाजूचा फोमही चेपला, आणि तेव्हा कुठे तुमचे आकडे दिसू लागले. म्हणजे तुम्ही मोजली ती बाहेरच्या कापडाच्या आतली पोकळी. गादी त्यानंतर भरली. पण गादी काढून कॅमेरा कोण ठेवतं? गादी नको असती तर मी बाजाराची पिशवी नेली नसती का?

पुठ्ठ्याचा तो खोका मी तुमच्या बॅगेत घालून पाहिला. जात नाही. फोटो क्रमांक १ पाहावा.

दीड सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, आणि तुमच्या प्रतिनिधीने तसं लिहिलंही: ‘बॅग मऊ असते, मापात एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे होणारच.’ इथेच घोडं पेंड खातं. रुंदी १६ ऐवजी साडेचौदा झाली की १५ सेंटिमीटरचा कॅमेरा आडवा बसत नाही. तो फिरवून लांबीच्या दिशेने ठेवावा लागतो. मग त्याला १२ ऐवजी १५ लागतात. लेन्सचे दहा, पडद्यांचे दोन, झाले सत्तावीस. मुळात लांबीच ३०. राहिले तीन सेंटिमीटर, आणि त्यात फ्लॅश जात नाही. म्हणजे दीड सेंटिमीटरच्या फरकाने माझा एक अख्खा कप्पा गेला. मऊ बॅग बाहेरून फुगते हो, पण फुगवायची झाली तर तो ताण आतल्या सामानावरच येतो ना?

आता ७०-२०० विषयी, कारण माझी खरी हरकत तिथे आहे.

तुमच्या पानावर ठळक अक्षरात आहे: ‘७०-२०० एफ/२.८ सहज बसते.’ आणि फोटोत एक पांढरी लेन्स ऐटीत उभी आहे. तो फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. ती आरएफ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी), म्हणजे मिररलेस, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची लेन्स आहे. ती मिटलेल्या अवस्थेत १४६ मिलिमीटर असते आणि झूम करताना पुढे येते. माझी ईएफ माउंटची लेन्स आतल्या आत झूम होते, तिची लांबी कायम १९९ मिलिमीटर. नावात दोघीही ७०-२०० एफ/२.८. लांबीत पाच सेंटिमीटरहून जास्त फरक. मागचं-पुढचं झाकण लावलं की माझी लेन्स माझ्या पट्टीवर साडेएकवीस भरते. खोली खरोखर २३ असती तर ती दीड सेंटिमीटर राखून बसली असती. साडेवीसमध्ये ती बसत नाही, बसवावी लागते. झाकणाची चेन ओढताना लेन्सच्या पुढच्या टोकावर दाब येतो तो हाताला कळतो. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची उन्हाची झापड, उलटा बसवलेला असेल तर लेन्सचा घेर वाढतो, आणि मग पडदा सरकवून शेजारच्या कप्प्यातून जागा उसनी घ्यावी लागते.

तेव्हा ‘७०-२०० बसते’ या वाक्याला काही अर्थच नाही. कुठल्या कंपनीची, कुठल्या माउंटची, हूडसकट की हूडविना, उभी की आडवी, एवढं लिहिलं तरच ते ग्राहकाच्या उपयोगाचं. नाहीतर ते जाहिरातीतलं विशेषण झालं.

मी तिसऱ्याच दिवशी तुम्हाला लिहिलं. उत्तर बाराव्या दिवशी आलं. मधल्या काळात तुमची दहा दिवसांची परतीची मुदत संपली, हा योगायोग आहे असं मी तूर्तास धरून चालते. उत्तरात सल्ला होता: ‘लेन्स आडवी ठेवून काही दिवस वापरून पाहा, सवय होईल.’ लेन्स आडवी ठेवली की ३० पैकी साडेएकवीस सेंटिमीटर तीच घेते आणि कॅमेऱ्याला जागा उरत नाही, हे सल्ला देणाऱ्याने कागदावर मांडून पाहिलं नसावं. तरी तुमचा मान राखून मी बॅग वापरली. फ्लॅश वेगळ्या पिशवीत, लेन्स दाबून. आणि पुढच्या ई-मेलमध्ये तुम्हीच लिहिलंत की वापरलेली बॅग परत घेता येत नाही.

वापरा म्हणालात म्हणून वापरली. आता वापरली म्हणून घेत नाही म्हणता.

सातव्या आठवड्यात हूक तुटला.

पट्टा तुमचा उत्तम आहे, पाच सेंटिमीटर रुंद, खांद्याला रुतत नाही. बाहेरचं कापड १६८० डेनियरचं आहे हेही तुम्ही अभिमानाने छापलं आहे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, तेव्हा १६८० म्हणजे धागा चांगलाच जाड, मान्य. पण हा जाडजूड पट्टा आणि हे जाडजूड कापड एकमेकांना जोडलं आहे ते करंगळीएवढ्या, फिरणाऱ्या, प्लॅस्टिकच्या हुकाने. बॅग कापडाला नाही, हुकाला लटकते. जिन्यावरून उतरताना पाय जरा जोरात पडला, कड् असा आवाज झाला, आणि डाव्या बाजूने बॅग सुटली. हूक फिरतो त्या मानेपाशी तुटला आहे. फोटो क्रमांक ४ मध्ये तुटलेली कड दिसते. तिथे आधीची झीज नाही, ओरखडा नाही. तुमच्या तिसऱ्या उत्तरातला ‘वापरामुळे झालेली झीज’ हा शेरा फोटो न उघडता लिहिला असणार.

‘क्षमतेपेक्षा जास्त वजन घातलं असावं’ असंही त्यात होतं. वजन सांगते. कॅमेरा बॅटरीसह ८९० ग्रॅम, ७०-२०० ची १,४८० (तिवईवर बसवायची कॉलर आणि झाकणं वेगळी), २४-७० ची ८०५, ५० मिलिमीटरची १६०, आणि चार्जर व सुट्या बॅटऱ्या. साडेतीन किलोंच्या घरात. फ्लॅश तर तुमच्या कृपेने त्यात नव्हताच. रिकामी बॅग माझ्या काट्यावर १ किलो ४०० ग्रॅम. एकूण पाच किलोंच्या आसपास. बॅगेची क्षमता किती, हे पानावर नाही, लेबलवर नाही, आत शिवलेल्या चिठ्ठीवरही नाही. जी मर्यादा कुठे लिहिलीच नाही ती मी ओलांडली कशी?

कॅमेरा आणि लेन्स चालू आहेत, हे माझं नशीब. ७०-२०० चा हूड चिरला आणि २४-७० वरचा ८२ मिलिमीटरचा फिल्टर फुटला. त्या फिल्टरने लेन्सच्या वाटचं भोगलं.

पावसाबद्दल थोडक्यात. पानावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं आहे. वीस मिनिटांच्या साध्या पावसात झाकणाच्या चेनमधून आणि तळाच्या शिवणीतून पाणी आत आलं. आतून लेप दिलेलं कापड पाणी अडवतं, पण सुई गेली तिथे भोक पडतं, आणि शिवणीवर आतून पट्टी चिकटवली नसेल तर पाणी त्या भोकातून येणारच. इथे पट्टी नाही, मी अस्तर उलटून पाहिलं. अशी बॅग फार तर पावसाचे चार थेंब सोसणारी म्हणावी. वरून घालायचं रेनकव्हरही सोबत नाही. आणि फोम एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही. बंद बॅगेत हवेची आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की लेन्समध्ये बुरशी धरायची भीती असते. ती काचेवरचा लेप खाते, पुसून जात नाही. बॅग ओली झाली म्हणून मी रडत नाही, ओल्या बॅगेत लेन्स सुरक्षित आहे असं मला वाटत राहिलं असतं, ते वाईट.

वेल्क्रोचंही सांगून टाकते, परताव्याशी त्याचा संबंध नाही. झाकण उघडताना होणारा ‘चर्रर्र’ आवाज शोकसभेत मौन पाळलं जात असताना कसा वाटतो, ते तुमच्यापैकी कुणीतरी एकदा अनुभवावं. सभेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. वेल्क्रो झाकायला एक कापडी पट्टी पुरते.

चांगलं आहे तेही लिहायला हवं. आतलं पिवळं अस्तर फार सोयीचं आहे. काळ्या कापडात काळी झाकणं शोधावी लागतात, इथे अंधारातही दिसतात. बॅग जमिनीवर ठेवली की कलंडत नाही. आणि झाकण माझ्या अंगाच्या विरुद्ध बाजूला उघडतं, हातात येत नाही, हे ज्याने ठरवलं त्याने उभ्याने काम केलेलं असणार. म्हणूनच जास्त राग येतो. रचना करणाऱ्याने विचार केला आहे, मापं छापणाऱ्याने केला नाही.

माझ्या मागण्या अशा. बॅगेची पूर्ण रक्कम परत मिळावी आणि ती नेण्याचा खर्च तुम्ही करावा. बदली बॅग नको, ती याच मापाची येणार. हूड आणि फिल्टर यांची भरपाई मिळावी, दोन्हींच्या पावत्या जोडल्या आहेत. आणि पानावरची आतली मापं गादी व पडदे जागेवर ठेवून पुन्हा घ्यावीत, लेन्सची नावं माउंटसह लिहावीत, किती किलो वजन चालेल ते छापावं आणि ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द काढावा. ही शेवटची मागणी पैशांची नाही, पण रक्कम मिळाली तरी ती मी सोडणार नाही. माझ्यासारखं कुणीतरी आज तुमचे आकडे घेऊन पुठ्ठा कापत बसलं असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं, आणि शक्यतो एकाच व्यक्तीने.

बॅग वाळवून, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून बांधून ठेवली आहे. हुकाचे दोन्ही तुकडे पुढच्या कप्प्यात आहेत. न्यायला माणूस येईल त्याच्याकडे पुठ्ठ्याचा खोकाही देईन. तो बॅगेत मावत नसल्यामुळे वेगळा बांधला आहे.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डरचा तपशील तुमच्या नोंदीत आहे.)

सोबत: फोटो १ ते ६, खरेदीची पावती, हूड व फिल्टरच्या पावत्या, आधीच्या चार ई-मेलच्या प्रती