टक्केवारीच्या कोष्टकात गोलकीपर मावत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पानावरचं 'सर्वोत्तम गोलरक्षक कोण?' हे फुटबॉलचं कोष्टक सकाळी वाचलं, ते रात्रीपर्यंत डोक्यातून गेलं नाही. सेव्हची टक्केवारी (गोलवर आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले), क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने) आणि खाल्लेले गोल असे तीन रकाने, आणि तेवढ्यावरून पहिला ते दहावा क्रमांक! लेखकाने मेहनत घेतली आहे, ती मी नाकारत नाही. पण ही मोजणी चुकीची आहे आणि तिची झळ माझ्या घराला लागलेली आहे, म्हणून लिहिते.

माझी मुलगी गोलकीपर आहे. दोन वर्षांपूर्वी संघनिवडीच्या वेळी भिंतीवर एक कागद लागला. हिची टक्केवारी 58, दुसऱ्या मुलीची 80. विषय तिथेच मिटला. ती दुसरी मुलगी छान खेळते, तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्या पाच सामन्यांत दोघींनी गोल खाल्ले होते सारखेच, पाच-पाच. तिच्या गोलवर फटके आले 25, त्यातले बरेचसे लांबून आणि सरळ हातात. माझ्या मुलीच्या गोलवर आले 12. त्या बारांत दोन पेनल्टी होत्या, दोन्ही बचावपटूंच्या चुकीमुळे मिळालेल्या आणि दोन्ही आत गेलेल्या. पेनल्टी म्हणजे 11 मीटरवर चेंडू आणि मध्ये कुणी नाही. साधारण चारातल्या तीन आत जातात. त्या दोन बाजूला ठेवल्या तर 58 चे 70 होतात. त्या ठेवूनही आणखी एकच चेंडू अडला असता तर 67 झाले असते. एका चेंडूने जो आकडा एवढा हलतो, त्यावर कुणाची निवड करायची?

आणि मुळात बाराच फटके का आले, हे कुणी विचारलं नाही. पाचही सामने मी गोलच्या मागे उभी राहून पाहिले. तिसरा तर मला पाठ आहे. पाऊस पडून गेलेला, चेंडू टप्पा पडला की घसरत पुढे पळायचा. आमच्या दोन बचावपटूंच्या मधून पास आला आणि समोरची फॉरवर्ड एकटीच सुटली. तोवर माझी मुलगी गोलची लाइन सोडून निघालीसुद्धा होती. 'कीपर!' अशी हाक दिली आणि बॉक्सच्या (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) टोकाला, त्या फॉरवर्डच्या बुटांपाशी आडवी पडून तिने चेंडू पोटाशी घेतला. कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटून निघालं, हातमोज्यांच्या बोटांत चिखल. त्या एका सामन्यात असं तीनदा झालं. फटका एकदाही बसला नाही, म्हणून कागदावर त्या तीन वेळांची नोंदही नाही. शेवटच्या मिनिटाला एक पेनल्टी आत गेली. त्या सामन्यापुढे लिहिलं होतं: फटके 1, गोल 1, सेव्ह 0. म्हणजे शून्य टक्के!

निवड झाली नाही याचं दुःख ओसरलं. पण त्या रात्री तिने विचारलं, "आई, यापुढे लाइनवरच थांबू का? लांबून मारू दिलं तर सेव्ह वाढतील." हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही. लेव याशिन हा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळवलेला आजवरचा एकमेव गोलकीपर, साल 1963. त्याची ओळखच लाइन सोडून पुढे येण्याची आणि बचावफळीला ओरडून जागेवर उभी करण्याची होती. ते ओरडणं कुठल्या रकान्यात बसवणार?

क्लीन शीटचंही तेच. चेल्सीच्या पीटर चेकने 2004-05च्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 24 क्लीन शीट राखल्या, तो मोठाच गोलकीपर. पण चेल्सीने त्या अख्ख्या मोसमात 38 सामन्यांत 15 गोल खाल्ले ते जॉन टेरी, रिकार्दो कार्व्हालो आणि क्लोद माकेलेले असे बचाव सांभाळणारे खेळाडू पुढे असताना. क्लीन शीट अख्ख्या संघाची असते. उलट 2022च्या विश्वचषक अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझने तीन गोल खाल्ले, त्यातले दोन पेनल्टीवर. तुमच्या कोष्टकाच्या हिशेबाने हा वाईट दिवस. पण जादा वेळेतल्या 123व्या मिनिटाला फ्रान्सचा कोलो मुआनी समोर एकटा असताना त्याने पाय लांबवून जो चेंडू अडवला, त्यामुळे अर्जेंटिना सामन्यात राहिली आणि पुढे शूटआउटमध्ये (बरोबरीनंतरच्या पेनल्टींमध्ये) जिंकली. त्या सेव्हची किंमत एक, आणि 30 मीटरवरून घरंगळत आलेला चेंडू उचलला त्याचीही एकच.

आकडेवारीच नको असं मी म्हणत नाही. चेंडू गोलच्या कुठल्या कोपऱ्याकडे चालला होता, फटका कुठून मारला, हे पाहून प्रत्येक फटका गोल होण्याची शक्यता 0 ते 1 मध्ये काढतात. त्यांच्या बेरजेतून प्रत्यक्ष खाल्लेले गोल वजा केले की गोलकीपरने किती गोल वाचवले याचा अंदाज येतो. किती क्रॉस (बाजूने गोलसमोर टाकलेले चेंडू) हवेतच पकडले, बॉक्सबाहेर येऊन किती चेंडू मारून काढले, हेही मोठ्या लीगमध्ये मोजलं जातं. तुमच्या कोष्टकात यातलं काहीच नव्हतं. कोण किती सामने खेळला, त्याच्यावर किती फटके आले, एवढंसुद्धा नव्हतं! निदान हे दोन रकाने तरी छापा. हीच कोष्टकं उद्या कुठल्या तरी मैदानावर भिंतीला चिकटवली जातात.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर मोठा फोटो आहे: गोलकीपर पूर्ण हवेत, हात ताणलेला, चेंडू बोटांच्या टोकांना लागून खांबाबाहेर चाललेला. खाली नाव फक्त फटका मारणाऱ्याचं. अडवणाऱ्याचं नाव उद्याच्या अंकात द्यावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक