मला पाण्यात जाऊ न दिल्याबद्दल आभार

मु. पो. तापीकाठ, ता. शिरपूर, जि. धुळे

आदरणीय काका यांस,
सादर नमस्कार.

आपले नाव आणि आपल्या किनाऱ्याचे नाव कुठेही लिहू नये, असे आपण फोनवर बजावून सांगितले, म्हणून लिहीत नाही. मात्र आभार चारचौघांसमोर मानायचे, हे मी गेल्या दिवाळीतच ठरवले होते, आणि तेवढी मोकळीक आपण द्याल असे धरून हे पत्र लिहीत आहे.

लोक आपले कौतुक करतात ते माझ्या भाच्याला समुद्राच्या ओढीतून बाहेर काढल्याबद्दल. ते योग्यच आहे. माझ्यावर मात्र आपले आणखी एक ऋण आहे, आणि ते त्या आधीच्या अर्ध्या मिनिटातले आहे. भाचा कमरेएवढ्या पाण्यातून एकाएकी दूर गेलेला दिसला, तेव्हा मी चपला काढून धावत सुटलो होतो. आमच्या विहिरीत वयाच्या सातव्या वर्षी पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेला मी. पुराच्या तापीत हात मारलेला माणूस समुद्राला कशाला भितो, अशी घमेंड होती. आपण शहाळ्यांच्या टपरीतून येऊन मागून माझी कॉलर धरलीत आणि म्हणालात, “तुम्ही गेलात तर मला दोघांना काढायला लागेल, आणि ट्यूब एकच आहे.” मग माझा उजवा हात उचलून भाच्याच्या दिशेने धरलात. “बोट त्याच्यावरून हलवायचं नाही. लाटेआड गेला तरी बोट तिथंच.”

त्यानंतरची दहा-बारा मिनिटे मी फक्त बोट दाखवत उभा होतो. इतके अवघड काम मी आयुष्यात दुसरे केलेले नाही. पाण्यात उतरलेल्या माणसाला लाटांमधून पुढचे डोके दिसत नाही, किनाऱ्यावरच्या बोटावरूनच त्याला दिशा कळते, हे आपण नंतर समजावलेत. त्या वेळी मात्र मला ती शिक्षा वाटत होती.

टपरीच्या खिळ्याला टांगलेली ती नारिंगी ट्यूब मी सकाळपासून पाहत होतो आणि मुलांचे काहीतरी खेळणे असेल असे समजत होतो. हातभर लांब, फोमची, एका टोकाला दोरी आणि खांद्यात अडकवायचा पट्टा, एवढीच वस्तू. आपण ती खांद्याला लावून बरोबर त्या जागी शिरलात जिथे लाटा फुटत नव्हत्या आणि पाणी इतरांपेक्षा गडद, शांत दिसत होते. आम्ही घाटावरचे लोक मुलांना खेळायला नेमकी तीच जागा निवडून देतो. लाटांनी आत ढकललेले पाणी तिथूनच परत समुद्राकडे पळते, आणि आपण त्याच ओढीवर स्वार होऊन भाच्यापर्यंत पोचलात. जवळ गेल्यावर हात न देता आधी ट्यूब पुढे सरकवलीत; त्याने तिला मिठी मारली. बुडणारा माणूस हाक मारत नाही, हात हलवत नाही, तो हात खाली दाबत वर यायला धडपडतो आणि जे सापडेल त्यावर चढतो, मग ते वाचवणाऱ्याचे डोके का असेना. मिठी मारायला ट्यूब मिळाली म्हणून ती आपल्या मानेला बसली नाही. नंतर आपण दोघे किनाऱ्याला समांतर सरकलात आणि बरेच पलीकडे, फुटणाऱ्या लाटांबरोबर वाळूवर आलात. भाचा हसत होता, तरी आपण त्याला दवाखान्यात न्यायलाच लावलेत, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.

त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. शहाळ्यांचे मात्र मोजून घेतलेत. ते मला फार आवडले.

आता इकडची हकिगत. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेज (दरवाजांचे बंधारे) झाल्यापासून तापीचे पात्र पूर्वीसारखे उन्हाळ्यात उघडे पडत नाही. काठाला पाणी शांत दिसते आणि दोन पावलांवर खोल असते. पावसाळ्यात वरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की त्याला ओढही येते. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचे विसर्जन नेमके याच दिवसांत असते, आणि डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका, मागे नाचणारी पोरे असा सगळा गाव घाटावर उतरतो. आमच्याकडे पूर्वी कोरड्या भोपळ्यांची सांगड बांधून नदी ओलांडत. ‘सांगड घालणे’ आम्ही रोज म्हणतो, पण घाटावर सांगड कुठे उरली नव्हती.

आपल्याशी फोनवर बोलून आम्ही नदीसाठी ट्यूबऐवजी दोर लावलेली रिंग घेतली, कारण इथे काठावरूनच काम भागवायचे होते. जहाजावर वापरतात तशी ही रिंग किमान अडीच किलोची असते आणि गोड्या पाण्यात १४.५ किलो लोखंड २४ तास तोलून धरेल, अशी तिची कसोटी असते. माणसाचे शरीर पाण्यात जवळपास तरंगतेच, नाक-तोंड वर ठेवायला चार-पाच किलोंचा आधार पुरतो; तेव्हा एका रिंगला दोघेही लटकू शकतात. दोर पॉलिप्रॉपिलिनचा घेतला, कारण तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि पायात गुंततो.

हा पहिला दोर आठव्या दिवशी नाहीसा झाला. तो कोणाच्या गोठ्यात म्हशीच्या गळ्यात आहे, हे गावाला ठाऊक होते. मी फार संतापलो. नंतर कळले की आयर्लंडमध्येही काठावरच्या रिंगा चोरीला जातात आणि तिथे ‘चोरलेली रिंग म्हणजे चोरलेला जीव’ अशा अर्थाची पाटी लावतात, तेव्हा आमच्या गावाबद्दलचा माझा राग थोडा निवळला. दुसरा दोर आणला, रिंग पानटपरीवाल्याच्या डोळ्यांसमोर टांगली आणि खाली अहिराणीत लिहिले: “पानीमा उडी मारू नको भाऊ, पहिले रिंग फेक.” त्याखाली तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा दिवस म्हणून ठरवला. यंदा त्या दिवशी आम्ही घाटावर फेकण्याचा सराव घेतला. रिंग डोक्यावर आदळली तर माणूस बेशुद्ध पडेल, म्हणून ती त्याच्या पलीकडे टाकायची आणि दोर ओढत त्याच्या हाताशी आणायची. जवान पोरांच्या रिंगा भलतीकडे गेल्या. दोराचे टोक पायाखाली न धरल्यामुळे एकाची रिंग दोरासकट वाहून चालली होती. ज्वारीच्या माळ्यावरून उभा जन्म गोफण फिरवलेल्या सत्तरीच्या एका आजीने मात्र खालून झोका देऊन दुसऱ्याच फेकीत पाण्यातल्या मडक्याच्या पलीकडे रिंग टाकली आणि मडके ओढून आणले.

कानबाईला रिंग खिळ्यावरच राहिली. भाचा शेजारी उभा होता. कोणी पोर गुडघ्याच्या पुढे गेले की त्याचे बोट आपोआप त्याच्यावर जात होते.

एक गोष्ट राहिली. आपल्या ट्यूबच्या पट्ट्याची शिवण खांद्यापाशी उसवलेली मी पाहिली होती. आमच्या इथल्या घोड्यांचे सामान शिवणाऱ्या कारागिराकडून दुहेरी शिवणीचा नवा पट्टा करून घेतला आहे. तो या पत्रासोबत पाठवत आहे, आणि काकूंसाठी ज्वारीची बिबडी (आमच्याकडचे पापड). पट्टा बसला नाही तर माप कळवावे.

आपला ऋणी,
कॉलर धरलेला माणूस