‘सुरक्षा’ या एका शब्दात दोन गोष्टी कोंबू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्या सरकारी यादीत आपल्या भुसावळचेही नाव होते. पुढच्या तीन-चार दिवसांत अमळनेरला आमच्या गल्लीत मोबाइलवर काय काय फिरले, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पाकिस्तानातल्या किराणा हिल्स या डोंगरांवर मारा झाला, तिथले अणुबॉम्ब फुटले, किरणोत्सर्ग सुटला, आता फक्त ‘बटण’ दाबायचे बाकी आहे. शेजारच्या वहिनी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मना पोऱ्या तठे शे. आते काय व्हई?”

त्यांना धीर द्यायला माझ्याकडे धड शब्द नव्हते. १२ मे रोजी एअर मार्शल ए. के. भारती यांनी किराणा हिल्सवर आपण मारा केलेला नाही असे पत्रकार परिषदेत सांगितले. नंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झाली नसल्याचे सांगितले. पण तोवर वहिनींच्या चार रात्री जागून गेल्या होत्या. तेव्हापासून मी अण्वस्त्रांच्या राखणीवर मिळेल ते वाचत आहे, आणि बातम्यांत दोन वेगळ्या गोष्टींना ‘सुरक्षा’ हा एकच शब्द वापरलेला खटकला, त्यासाठी हे पत्र.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांवर उमेदीची वर्षे गेली. तिथे बॉल टोकनचे यंत्र असायचे. दोन स्टेशनांमधल्या रुळावर गाडी सोडायची, तर ड्रायव्हरच्या हाती तो लोखंडी गोळा द्यावा लागे, आणि पलीकडच्या मास्तरने त्याच्या यंत्रावरून साथ दिल्याशिवाय माझ्या यंत्रातून गोळा बाहेर पडत नसे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे. जोडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची कबुली, देताना प्रायव्हेट नंबर, म्हणजे दर वेळी नवा असा खुणेचा आकडा, सांगायचा, तो रजिस्टरला लिहायचा, आणि वापरलेला नंबर खोडून टाकायचा. एका रात्री झोपेच्या भरात मी आधीच्या गाडीला दिलेलाच नंबर पुन्हा सांगितला. पलीकडचे मास्तर म्हणाले, “हा तर माझ्याकडे लिहिलेला आहे, नवा द्या.” त्यांनी गाडी सोडली नाही. ते नुसते ‘हो’ म्हणणारे असते, तर नियम कागदावरच राहिला असता.

म्हणून अण्वस्त्रांच्या राखणीतला ‘दोन माणसांचा नियम’ वाचला तेव्हा तो मला ओळखीचा वाटला. अमेरिकेत अण्वस्त्राजवळ एकट्याने जाण्यास मनाई असलेल्या जागेला ‘नो लोन झोन’ म्हणतात. आपल्याकडे या नियमाचे वर्णन ‘दोन पहारेकरी’ असे होते, ते चुकीचे आहे. दोघांनाही ते काम इतके ठाऊक असावे लागते, की एकाने चुकीचे पाऊल उचलताच दुसऱ्याला ते कळेल. क्षेपणास्त्राच्या भूमिगत नियंत्रण कक्षात दोन अधिकाऱ्यांच्या किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागतात, आणि किल्ल्यांच्या जागा एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचणार नाहीत अशा लांब असतात. मी एका बँकेत तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच टेबलाच्या खणात पाहिल्या आहेत. तिथेही कागदावर माणसे दोनच होती.

‘लाल बटण’ कुठेच नाही. अमेरिकेच्या अध्यक्षासोबत असते ती कागदपत्रांची आणि संपर्कसाधनांची बॅग, आणि हुकूम देणारा तोच आहे हे पटवणारे संकेतांचे कार्ड. शिवाय बऱ्याच अस्त्रांना संकेत-कुलूप असते, त्याचे नाव ‘परमिसिव्ह अॅक्शन लिंक’. युरोपात ठेवलेल्या अस्त्रांना ते बसवण्याचा आदेश अध्यक्ष केनेडींनी १९६२ मध्ये दिला. आपल्या देशात ४ जानेवारी २००३ रोजी अणु आदेश प्राधिकरणाची रचना जाहीर झाली. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषद हीच अण्वस्त्र वापरास परवानगी देऊ शकते. एवढे एक वाक्य त्या आठवड्यात पहिल्या पानावर चौकटीत आले असते, तर किती घरांत लोक शांत झोपले असते.

आता मुख्य तक्रार. इंग्रजीत ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ हे दोन शब्द आहेत, आणि आपली वर्तमानपत्रे दोन्हींना ‘सुरक्षा’च म्हणतात. केळीच्या बागेत मोटारीच्या उघड्या वायरीचा शॉक बसू नये ही एक काळजी, आणि रात्री कुणी मोटारच उचलून नेऊ नये ही दुसरी. रावेर-यावलकडचा कुठलाही शेतकरी या दोन गोष्टी वेगळ्या ओळखतो. कधी तर त्या एकमेकींच्या आड येतात. चोरासाठी पेटीला कुलूप लावले, तर शॉक बसलेल्या माणसासाठी स्विच पटकन बंद करता येत नाही. अण्वस्त्रांतही असाच पेच आहे: खरा हुकूम आला तर अस्त्र चाललेच पाहिजे, नाही आला तर ते कधीही चालता कामा नये. माझी सूचना अशी, की पहिलीला ‘निर्धोकता’ म्हणावे आणि दुसरीला आपला साधा शब्द ‘राखण’. याहून चांगले शब्द कुणाला सुचले तर आनंदच आहे, पण दोन हवेत.

अमेरिकी लष्कराने घटनांचीसुद्धा वेगवेगळी नावे ठरवली आहेत. अण्वस्त्राचा गंभीर अपघात म्हणजे ‘ब्रोकन अॅरो’, मोडका बाण. चोरी किंवा गहाळ होणे म्हणजे ‘एम्प्टी क्विव्हर’, रिकामा भाता. त्याहून खालची पण गंभीर घटना ‘बेंट स्पिअर’, वाकलेला भाला. किरकोळ दोष ‘डल स्वोर्ड’, बोथट तलवार. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेतल्या मायनॉट हवाई तळावर नकली स्फोटकाग्रांऐवजी खरी अण्वस्त्रे बसवलेली सहा क्षेपणास्त्रे विमानाला जोडली गेली आणि बार्क्सडेल तळावर गेली. सुमारे ३६ तास ती नेमकी कुठे आहेत हे कुणाच्या ध्यानात नव्हते. आधीच्याने तपासले असेल असे धरून वाटेतल्या कुणीच तपासले नाही. हा वाकलेला भाला. पुढच्या वर्षी तिथल्या हवाई दलाच्या मंत्र्याला आणि प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमध्ये पालोमारेस गावावर अमेरिकी विमानांची टक्कर होऊन चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले, तो मोडका बाण. आपल्याकडे दोन्हींना ‘अणुदुर्घटना’ हा एकच मथळा पुरतो.

राखणीतली चूक कशी असते तेही पाहा. २८ जुलै २०१२ रोजी अमेरिकेत ओक रिजच्या वाय-१२ या अणुकेंद्रात ८२ वर्षांच्या एक ख्रिस्ती जोगीण आणि त्यांचे दोन साथीदार कुंपणे कापून समृद्ध युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत गेले. घंटा वाजल्या होत्या. पण खोट्या घंटा रोजच वाजत असल्याने पहारेकऱ्यांनी त्या मनावर घेतल्या नाहीत, आणि कॅमेरा नादुरुस्त होता. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. स्टेशनावर रात्रीची घंटा ऐकून कूस बदलणारा माणूस मी पाहिलेला आहे.

आपल्या देशातले उदाहरणही शब्दांचेच आहे. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात अण्वस्त्र नव्हते. दोन दिवसांनी सरकारने ‘तांत्रिक बिघाड’ म्हटले. ऑगस्टमध्ये चौकशीचा निष्कर्ष आला, तो ठरलेली कार्यपद्धती सोडल्याचा होता, आणि तीन अधिकारी बडतर्फ झाले. बिघाड झाला तर यंत्र बदलतात, पद्धत सोडली तर माणसाला जबाब द्यावा लागतो. रेल्वेच्या चौकशीत या दोन रकान्यांची कधी सरमिसळ होत नाही. बातमीतही होऊ नये.

गुप्त गोष्टी छापा असे मी म्हणत नाही. २०२१ मध्ये अमेरिकी सैनिकांनी हीच परिभाषा पाठ करण्यासाठी सार्वजनिक अभ्यास-अॅप वापरले आणि युरोपातल्या तळांचे तपशील उघडे पडले. तसले काही नको. या पत्रातले सगळे उघड आणि छापलेले आहे.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत या शब्दांची चौकट द्यावी आणि उपसंपादकांच्या टेबलावरही एक प्रत ठेवावी, ही विनंती. मी वहीत सुमारे चाळीस शब्द अर्थासह उतरवले आहेत. आपण म्हणाल त्या दिवशी वही घेऊन कार्यालयात येतो. जाताना वहिनींना दाखवून त्यांना कोणता शब्द कळत नाही तेही विचारून घेईन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त स्टेशन मास्तर, अमळनेर, जि. जळगाव