आईच्या हाताचं आणि त्या केसचं

प्रिय बंड्या,

फोनवर नीट बोलता आलं नाही, आई शेजारीच बसली होती, म्हणून लिहितोय. तुला मी गाडीला थोडं लागलंय एवढंच म्हणालो होतो, पण प्रकरण तेवढ्यावर थांबलं नाही रे.

सारसबागेतून दर्शन घेऊन कोथरूडला परत येत होतो, म्हात्रे पुलाच्या सिग्नलला लाल लागला म्हणून थांबलो, आणि मागून एक गाडी सरळ येऊन धडकली. पोरगा असेल तेवीस-चोवीसचा. बंपर फुटला, डिकीचं दार आत गेलं, त्याच्या नंबर प्लेटचे दोन आकडे आमच्या बंपरवर उलटे उमटलेत अजून. आई मागच्या सीटवर होती, पुढच्या सीटला हात टेकून धरला होता तिने, तो मुरगळला असं वाटलं. पोरगा खाली उतरला, आईला पाणी दिलं, हात जोडून सॉरी म्हणाला, आणि मीही फोटो काढून, नंबर घेऊन जाऊ दे म्हटलं. पंचनामा नाही, काही नाही. तिथेच चुकलं माझं.

तीन दिवसांनी सूज उतरेना म्हणून एक्स-रे काढला तर मनगटात हेअरलाइन फ्रॅक्चर. प्लास्टर घातलंय. काल संध्याकाळी देवघरापाशी बसून डाव्या हाताने वात वळायचा प्रयत्न करत होती, कापूस नुसता सुटत होता, तीन वेळा केलं आणि मग काही न बोलता डबा बंद करून ठेवला. मला ते बघवलं नाही.

त्या पोराच्या वडिलांना फोन केला तर म्हणाले, दहा हजार जीपे करतो, विषय संपवा. हात कसा आहे हे एकदाही विचारलं नाही. पैशाचं म्हणशील तर गॅरेजवाल्याने अडतीस हजार सांगितलेत, आणि माझ्या विम्यातून क्लेम केला तर चार वर्षांचा पंचेचाळीस टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) जातो, म्हणजे चूक त्याची आणि भुर्दंड मला.

ओळखीच्या वकिलांना भेटलो. ते म्हणाले, तुम्ही किरकोळ म्हणताय, पण कायद्यात हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, हेअरलाइन असली तरी. भारतीय न्याय संहितेचं कलम 125, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरपाईचा दावा वेगळा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, आणि ते पैसे त्या पोराचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर विमा कंपनीच देते. फक्त मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय, 1 एप्रिल 2022 पासून ती लागू आहे, त्यामुळे बसून राहून चालणार नाही. आणि पोलिसांचे कागद नसतील तर दावा टिकवणं अवघड, शिवाय तक्रारीला उशीर का झाला तेही सांगावं लागणार.

म्हणजे भरपाई हवी तर पोराचं नाव पोलिसात जाणार. इथेच मी अडकलो होतो, दोन रात्री झोप नाही. त्याची नोकरी नुकतीच लागलीय म्हणे. आई तर पहिल्या दिवसापासून म्हणतेय, घाबरला होता रे तो, कशाला त्याच्या मागे लागतोस. मला तिचं पटतं, पण मग डावा हात डोळ्यासमोर येतो. दहा हजार घेऊन गप्प बसलो तर तिच्या दुखण्याची किंमत त्या माणसाने फोनवर ठरवली तेवढीच, असं मीच कबूल केल्यासारखं होईल, आणि ते मला जमणार नाही.

सोमवारी तक्रार देतोय. काल रात्री आईला सांगितलं, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, जबाब माझाच घेतील ना, मग त्यात तो पळाला नाही, थांबला, पाणी दिलं, हेही लिहायला लावणार मी. म्हटलं लाव, खरंच आहे ते.

तू रविवारी येतोयस ना? मुक्कामालाच ये. सोमवारी सकाळी चौकीत आईजवळ कुणीतरी बसायला हवं, मला कागद बघायचेत, आणि गाडीत बसताना ती अजून मागे वळून वळून बघते.

तुझा,
पक्या