क्रीम रंगाची शेड न जुळल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या गाडीच्या मूळ रंगाच्या नमुन्यावरून बनवलेला ३ लिटर रंग बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपण पाठवलेले अर्ध्या लिटरचे सहाही डबे परत पाठवत आहे. प्रत्येकातून चाचणीपुरता रंग काढला आहे, गाडीवर थेंबही मारलेला नाही.

गाडीच्या पट्टीवरचा कलर कोड ऑर्डरमध्ये दिला होता, पण तेवढ्यावर भागत नाही. एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या पुरवठादारांकडून थोडा वेगळा निघतो. म्हणून पेट्रोल टाकीच्या तोंडावरचं झाकण नमुना म्हणून दिलं. त्याची बाहेरची बाजू उन्हाने विटलेली आहे, आतली मूळ रंगात टिकून आहे. आतल्या बाजूला २५ मिलिमीटरचं वर्तुळ आखून ‘इथेच मोजा’ अशी चिठ्ठीही लावली होती.

आपण मोजलं बाहेरून. हे मी असं तपासलं: काळा-पांढरा पट्टा असलेल्या कार्डावर, पट्टा पूर्ण झाकला जाईपर्यंत, आपल्या रंगाचे हार्डनर घालून तीन हात मारले आणि २४ तास वाळू दिलं. ओल्या रंगावरून शेड ठरवता येत नाही, हे आपल्याला सांगायला नको. दिवसाच्या उजेडात हे कार्ड झाकणाच्या बाहेरच्या बाजूला ठेवलं तर सांधा दिसत नाही. आतल्या बाजूला ठेवलं की कार्ड फिकट आणि खडूसारखं दिसतं. म्हणजे विटलेला रंग आपण अगदी हुबेहूब बनवला!

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. तेच कार्ड, तीच बाहेरची बाजू, पण उजेड पिवळ्या बल्बचा, तर कार्ड लगेच हिरवट मारतं. आपल्या अहवालात डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) ०.६ आहे, पण तो फक्त डी६५ या दिवसाच्या प्रकाशासाठी. लेबलवर पांढऱ्यासोबत भडक सेंद्रिय पिवळं रंगद्रव्य आहे आणि त्याचा भडकपणा मारायला जांभळा व काळा घातलेला आहे. अशा मिश्रणाने एका प्रकाशात शेड बसते, पण त्याचा परावर्तन-वक्र (कोणत्या रंगाचा प्रकाश किती परत फेकला जातो याचा आलेख) मूळ रंगाच्या वक्रासारखा नसतो, त्यामुळे प्रकाश बदलला की फरक उघडा पडतो. रंग मोजणारं आपलं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, सगळा वक्र नोंदवतो. प्रकाश ‘ए’ (पिवळ्या बल्बचा प्रमाण प्रकाश) खालचा फरक त्याच मोजणीतून निघाला असता, यंत्र पुन्हा लावायचीही गरज नव्हती.

डब्याडब्यांतही फरक आहे. क्रमांक २ आणि ५ चे पॅच शेजारी ठेवले तर साध्या डोळ्यांना कळतो. कारण लेबलवरच आहे: अर्ध्या लिटरला जांभळा ०.२ ग्रॅम. काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल, तर ०.०५ ग्रॅमची चूक त्यावर दिसतच नाही, आणि ती या मात्रेच्या पाव हिश्शाएवढी होते. ३ लिटर एकदम बनवले असते तर मात्रा १.२ ग्रॅम झाली असती आणि तीच चूक सुमारे ४ टक्क्यांवर आली असती.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर स्प्रे गनच्या दाबाचं कारण दिलं. मेटॅलिक रंगात ते मान्य आहे. हात ओला की कोरडा यावर चंदेरी कण कसे बसतात ते ठरतं आणि शेड हलते. या क्रीममध्ये कणच नाहीत. शिवाय दाबामुळे बल्बखाली रंग हिरवा होत नाही.

तरी पुढीलप्रमाणे रंग नव्याने बनवून द्यावा. मोजणी आतल्या बाजूवर, मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसून, किमान तीन ठिकाणी करावी. पांढरा, ऑक्साइड पिवळा, ऑक्साइड तांबडा आणि काळा यांवर फॉर्म्युला पुन्हा बांधावा आणि डी६५ व ए या दोन्ही प्रकाशांतले आकडे लेखी द्यावेत. संपूर्ण ३ लिटर एका भांड्यात ढवळून मगच डब्यांत भरावा. त्याआधी वाळलेलं कार्ड मंजुरीसाठी पाठवावं, मंजुरीशिवाय डबे पाठवू नयेत. १५ दिवसांत कार्ड न आल्यास पूर्ण रक्कम परत हवी आहे.

झाकण पुन्हा पाठवत आहे. त्याला पॉलिश पेपर किंवा कंपाउंड लावू नये. मूळ रंग एवढ्याच जागी उरला आहे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: झाकण, सहा चाचणी-कार्डं, लेबलांच्या आणि अहवालाच्या प्रती