बाबा, मला तुमची बाराखडी हवी आहे

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर आईचा एकच प्रश्न असतो, "अजून चित्रंच काढत बसतेस, की गिऱ्हाईकं पण येतात?" दरवेळी मी "येतात गं" म्हणून विषय बदलते. आज टॅटूच्या दुकानाला सुट्टी आहे, तर सगळं नीट लिहिते. शिवाय बाबांकडे एक काम आहे, ते शेवटी सांगते.

गिऱ्हाईकं येतात, पण म्हणून सराव सुटत नाही. रोज सकाळी आधी कागदावर रेघा ओढायच्या. सरळ रेघ, गोल, लांबट गोल, परत सरळ रेघ. मग त्याच रेघा मशिनने सिलिकॉनच्या खोट्या कातडीवर. ती मी बाटलीभोवती गुंडाळून घेते, कारण माणसाचा हात टेबलासारखा सपाट नसतो. आई, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली म्हणून तू गल्लीभर पेढे वाटलेस, पण त्या परीक्षेत कागद ताणून धरायला लागत नव्हता. इथे डाव्या हाताने कातडी ताणायची आणि उजव्याने रेघ ओढायची. संध्याकाळी जास्त दुखतो तो डावाच. शाई एक-दोन मिलिमीटर आत बसली पाहिजे. वर राहिली तर खपलीबरोबर निघून जाते, खोल गेली तर रेघेच्या कडेने निळसर पसरते आणि मग कुणाच्या बापाला आवरत नाही.

बाबा, मशिनचं तुम्ही विचारलं होतं. दुकानांचे बोर्ड रंगवायचात तेव्हा मोठ्या बोर्डासाठी तुम्ही कागदावर अक्षर काढून सुईने भोकं पाडायचात आणि वरून कोळशाची पुरचुंडी आपटायचात, आठवतं? एडिसनने १८७६ साली कागदाला अशीच भोकं पाडणाऱ्या विजेच्या पेनचं पेटंट घेतलं, एका मजकुराच्या पुष्कळ प्रती काढता याव्यात म्हणून. त्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली नावाच्या माणसाने १८९१ साली टॅटूच्या मशिनचं पेटंट घेतलं. म्हणजे धंदा तसा घरचाच आहे.

सुयांचं टेन्शन आईने घेऊ नये. पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडते, सुई एकदाच वापरते आणि काम झालं की ती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकते. कावीळ-बीच्या लशीचे तिन्ही डोस माझे झालेत. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही मी प्रत्येकाला आधीच सांगते. आजीच्या हातावर तुळस गोंदली तेव्हा एवढं कोण बघत होतं?

आता कामाचं. निम्मे लोक मोबाइलवर परदेशी फोटो घेऊन येतात. गोऱ्यापान हातावर फिकट गुलाबी, फिकट पिवळी फुलं. आपल्याकडे शाई सावळ्या थराखाली बसते आणि तिचा रंग त्या थरातूनच दिसतो. फिकट रंग तिथे मळकट होतात. म्हणून मी वह्यांना घालायचा खाकी कागद आणून त्यावरच रंग लावून बघते, आणि गिऱ्हाइकाला तोच कागद दाखवते. काही जण हिरमुसतात. हिरमुसू देत.

जुनं नाव झाकायला येणारेही बरेच. बाबा, तुमच्या बोर्डाला पांढरा हात मारला की नवं दुकान तयार व्हायचं. इथे तो पांढरा हातच नाही. फिकट शाई गडद शाईला झाकत नाही, त्यामुळे दोन इंचाच्या नावावर त्याहून बरंच मोठं आणि काळं काहीतरी बसवावं लागतं. प्रेमापेक्षा महाग पडतं ते.

एक पोरगा मानेवर वाघ काढून घ्यायला आला. बोलता बोलता कळलं, भरतीची तयारी करतोय. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढाच टॅटू चालतो. त्याला चहा पाजून परत पाठवला. त्या दिवशी गल्ल्यात काही पडलं नाही.

सगळ्यात अवघड काम एका बाईंच्या दंडाचं. लहानपणी स्टोव्हच्या भडक्याने भाजलेलं. त्यांना मोर हवा होता. मी त्यांच्या दंडावर ट्रेसिंग पेपर ठेवून व्रणाचा नकाशाच काढला, कुठे चकचकीत आहे, कुठे सुरकुतलंय, कुठे हात लावलेला त्यांना कळतच नाही. असल्या कातडीत एका ठिकाणी शाई धरत नाही आणि बोटभर पलीकडे पसरते. मोराची मान तिथे वाकडी झाली असती. म्हणून जाईचा वेल ठरवला, पानांच्या कडा व्रणाच्या कडांवरूनच जातील असा. आधी एकच पान केलं आणि महिनाभर थांबले. ते धरलं, मग पुढचं. अजून निम्मा वेल बाकी आहे, पण परवा त्या पहिल्यांदा बिनबाह्यांच्या ब्लाउजचं माप देऊन आल्या.

आणि आता बाबांचं काम. एका मुलाकडे त्याच्या वारलेल्या वडिलांचं आंतर्देशीय पत्र आहे. त्यातलं "बाळा, जपून राहा" त्याला हातावर हवंय, वडिलांच्याच अक्षरात. बॉलपेनचं बारीक अक्षर. तेवढंच ठेवलं तर वर्षागणिक शाई पसरून "ब"चं पोट आणि "ळ"ची गाठ बुजून जाईल. मोठं केलं तर अक्षर वडिलांचं वाटत नाही. त्यात शिरोरेघ! हात उताणा असताना सरळ असलेली रेघ हात वळवला की पिळवटते. म्हणून छाप उठवताना त्याला हात मोकळा सोडून उभं करावं लागतं. तुम्ही खडूची दोरी ताणून फट्कन रेघ मारायचात, मला तो सरळपणा इथे कुठून आणावा कळत नाही. कॉम्प्युटरचे फॉण्ट घेऊन बसले होते, पण त्यात "ळ" कुणाचाच नसतो. (परवा एक जण "आशिर्वाद" लिहून घेऊन आला होता. तुम्ही असता तर बोर्ड परत घ्यायला लावला असतात. मी "शी" दीर्घ करूनच काढला.)

तर सगळी बाराखडी आणि जोडाक्षरं मला चपट्या ब्रशने लिहून पाठवा. "ळ" चार-पाच आकारांत, मोठ्यापासून अगदी बारीकपर्यंत. लहान होताना तुम्ही त्याच्या गाठीचं काय करता, तेच मला बघायचंय. हात कापतो म्हणून टाळू नका, मला वळण कुठून सुरू होतं ते हवंय. एकदा लिहिताना दादाला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. डोळ्यांचे थेंब घालून झाल्यावर, दिवसाउजेडी, खुर्चीत बसून लिहा. स्टुलावर चढायचं नाही. कागद घडी न घालता पुठ्ठ्यात घालून दादाबरोबर द्या, तो शनिवारच्या एस्टीने येतोय. आई, लोणच्याची बरणी त्या पिशवीत नको, वेगळी दे.

तुमची,
मनू